अस्वल टेबलाखाली लपवल्याबद्दल

बाई, सप्रेम नमस्कार.

जर्मनीतल्या येना शहरातल्या तुमच्या बालवाडीत सगळे तुम्हाला नावाने हाक मारतात. माझ्या तोंडी मात्र 'बाई'च बसलंय, तेवढं चालवून घ्या. हे पत्र लेक तुम्हाला जर्मनमध्ये समजावून सांगेल. तिला हे कधी जमेल, असं तीन वर्षांपूर्वी मला खरंच वाटलं नव्हतं.

पुण्याहून आलो तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. पहिले चार महिने ती बालवाडीत एक शब्द बोलली नाही. आम्ही घाबरून घरी चित्रकार्डं आणली, रोज संध्याकाळी शब्द पाठ करून घ्यायला लागलो. पुढे पुढे कार्डं दिसली की ती पलंगामागे जाऊन बसायची. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "ती ऐकतेय. कार्डं ठेवून द्या आणि तिचं अस्वल इकडे पाठवा."

ते एका कानाचं अस्वल तुम्ही रोज लपवायचात. टेबलावर, खुर्चीमागे, डब्यात. "वो इस्ट डेर बेअर?" म्हणजे 'अस्वल कुठे आहे?', असं विचारायचात तुम्हीच आणि उत्तरही तुम्हीच द्यायचात. एका सकाळी ती ओरडली, "टिश उंटर!" आपल्याकडे 'टेबलाखाली', म्हणून तिच्या जर्मनमध्येही आधी टेबल आणि मग खाली. तुम्ही चूक काढली नाहीत. "या, उंटर डेम टिश!" म्हणजे 'हो, टेबलाखाली!' म्हणत स्वतःच टेबलाखाली शिरलात. मी दारात उभी राहून रडत होते.

खेळणी आवरायची ती तीन खोकी मी कधी विसरणार नाही. जर्मनमध्ये नामाआधी लिंगाप्रमाणे 'डेर' (पुल्लिंगी), 'डी' (स्त्रीलिंगी) किंवा 'दास' (नपुंसकलिंगी) लागतं, त्याप्रमाणे 'डेर'चं निळं, 'डी'चं लाल, 'दास'चं हिरवं. चेंडू निळ्यात, बाहुली लाल खोक्यात, मोटार हिरव्यात. भातुकलीतला चमचा, काटा आणि सुरी तर तीन वेगवेगळ्या खोक्यांत! मी क्लासला जाऊन हीच लिंगं घोकत होते. लेकीला ती आवराआवर करताना आली. आपला घोडा 'तो' आणि तुमचा 'दास', याचं तिला नवल वाटलं, ओझं नाही वाटलं.

दुकान-दुकान खेळताना चेस्टनटच्या बिया म्हणजे पैसे. जर्मनमध्ये एकवीस म्हणजे 'एक आणि वीस', अगदी आपल्यासारखंच एक आधी. हे तिने तुम्हाला मराठीत मोजून दाखवलं, तेव्हा तुम्ही तिच्याकडून बावीस, तेवीस शिकून घेतलंत. तिची घरची भाषा तुम्ही कधी दाराबाहेर ठेवली नाहीत, याचे आभार मला सगळ्यात आधी मानायला हवे होते.

तुम्ही सांगितलंत म्हणून बाड ब्लांकेनबुर्गला जाऊन आलो. बालवाडीची कल्पना मांडणारे फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये तिथे काम सुरू केलं, आणि मुलांना त्यांनी दिलेलं पहिलं खेळणं म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. ते पाहताना तुमचं अस्वल आठवलं.

आता ती शाळेत जाईल. तिचं पोळपाट-लाटणं तुमच्याकडेच राहू द्या. लाटणं हिरव्या खोक्यात, तिने स्वतः ठेवलंय. तुमच्याकडे नवा आलेला एक मुलगा अजून बोलत नाही, असं परवा ती सांगत होती. पाठोपाठ म्हणाली, "आई, तो ऐकतोय."

तुमची ऋणी,
एका कानाच्या अस्वलवालीची आई