वसू, ती डबी उघडायच्या आधी हे वाच

प्रिय वसू,

नणंदेनं आणलेलं हार्मोनचं क्रीम चेहऱ्याला लावू का, असं विचारलेला तुझा मेसेज वाचला. फोनच करणार होते, पण फोनवर आपलं काही धड होत नाही, तुझ्याकडे नात रडायला लागते नाहीतर माझ्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं राहतं आणि महत्त्वाचं तेवढंच राहून जातं. म्हणून लिहितेय. लांबणारे, पण पूर्ण वाच, आणि तोवर नणंदेनं न्यू जर्सीहून आणलेली ती डबी कपाटातच राहू दे.

आधी हे सांगते की तू जे लिहिलंयस ना, की दोन वर्षांत चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी झाल्यासारखा वाटतो आणि घरात बोललं तर "वय झालं आता" एवढंच ऐकायला मिळतं, ते वाचून मला फार वाईट वाटलं. कारण ते तुझ्या मनाचे खेळ नाहीयेत गं. पाळी गेल्यावर कातडीत खरंच बदल होतो आणि पटकन होतो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं साधारण ३० टक्के कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, कमी होतं आणि पुढे दरवर्षी दोन टक्क्यांच्या आसपास, हे १९८० च्या दशकातच इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी मोजून दाखवलंय. म्हणजे वयापेक्षा पाळी जाऊन किती वर्षं झाली यावर ते जास्त अवलंबून असतं. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते, तिकडच्यांपेक्षा चार-पाच वर्षं आधीच, त्यामुळे नोकरी, मुलांची लग्नं, सासू-सासऱ्यांची दुखणी या सगळ्याच्या ऐन मधे हे येऊन उभं राहतं आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. आपल्या चेहऱ्याबद्दल वाईट वाटणं हा काही हलकेपणा नाही.

आता डबी. तू फोटो पाठवलास त्यावर एस्ट्रिऑल ०.३ टक्के लिहिलंय. एस्ट्रिऑल हे एस्ट्रोजेनच, म्हणजे बायकांचं हार्मोनच आहे, आपल्या अंगातल्या मुख्य एस्ट्रोजेनपेक्षा म्हणजे एस्ट्राडिऑलपेक्षा सौम्य. अमेरिकेत हल्ली ऑनलाइन डॉक्टर फॉर्म भरून घेतात आणि फार्मसीवाले ऑर्डरप्रमाणे असं क्रीम बनवून घरी पाठवतात. पण तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यानं, एस्ट्रिऑलच्या एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही आणि सुरकुत्यांसाठी म्हणून तर कुठल्याच एस्ट्रोजेनला नाही. नणंदेनं प्रेमानं आणलंय, तिच्यावर रागावू नकोस, तिच्या डॉक्टरनं तिची माहिती विचारून तिला दिलंय, तुझी माहिती कोणी विचारलीये?

यात तथ्यच नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. कातडीत एस्ट्रोजेन ओळखणारे रिसेप्टर असतात आणि चेहऱ्याच्या कातडीत ते मांडी-छातीच्या कातडीपेक्षा जास्त असतात. १९९६ मध्ये व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी ५९ बायकांवर सहा महिने असली क्रीमं वापरून पाहिली, काहींना एस्ट्राडिऑल ०.०१ टक्के, काहींना एस्ट्रिऑल ०.३ टक्के, आणि दोन्हींमध्ये कातडीचा ओलावा वाढला, घट्टपणा सुधारला, सुरकुत्या उथळ झाल्या. रीलवाल्या बायका ज्याच्यावर उड्या मारतात तो अभ्यास हाच. पण साधं क्रीम लावणारा तिसरा गट त्यात नव्हता, आणि कोरड्या चेहऱ्याला रोज नेमानं नुसतं चांगलं मॉइश्चरायझर लावलं तरी सहा महिन्यांत फरक दिसतोच, मग त्यातलं हार्मोनचं किती आणि क्रीमचं किती हे कसं ठरवायचं?

उलट २००८ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीत जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी एस्ट्राडिऑल पाळी गेलेल्या बायकांना आणि वयस्कर पुरुषांना दोन आठवडे लावलं, एकीकडे कमरेखाली जिथं ऊन कधी लागत नाही तिथं आणि दुसरीकडे चेहऱ्यावर आणि हातावर. झाकलेल्या कातडीत कोलॅजन तयार व्हायचं प्रमाण वाढलं, पण उन्हानं खराब झालेल्या चेहऱ्यावर आणि हातावर वाढलंच नाही, रिसेप्टर तिथंही होते तरी. म्हणजे आपल्याला जिथं हवंय तिथंच ते चाललं नाही. दोन आठवडे हा काळ थोडा आहे हे मान्य, पण तू नागपूरच्या उन्हात पंचवीस वर्षं स्कूटरवर शाळेत गेलीस, तुझ्या चेहऱ्याचं अर्धं दुखणं उन्हाचं आहे आणि एस्ट्रोजेन त्याच्यावर औषध नाही. पोटातून किंवा पॅचमधून हार्मोन देऊनसुद्धा एका अभ्यासात चार वर्षांनी सुरकुत्यांमध्ये फरक पडलेला दिसला नाही, तो २०१६ मध्ये आला.

आता जे मला खरं सांगायचंय ते. चेहऱ्याला लावलेलं चेहऱ्यावरच राहतं असं नसतं. हाताच्या तुलनेत कपाळावरून औषध सहापट आणि जबड्याच्या कोपऱ्याजवळून तेरापट आत जातं, हे हायड्रोकॉर्टिसोन नावाच्या स्टेरॉइडवर १९६७ मध्येच मोजलेलं आहे. आकडा प्रत्येक औषधाला तसाच लागू होईल असं नाही, पण चेहऱ्याची कातडी पातळ आणि तिथं रक्त भरपूर, हे तर सगळ्यांनाच लागू. आणि मी कागदावर हिशोब केला. ०.३ टक्क्यांचं क्रीम अर्धा ग्रॅम रोज लावलंस, म्हणजे चेहरा आणि मान धरून, तर रोज दीड मिलिग्रॅम एस्ट्रिऑल कातडीवर गेलं. योनीमार्गात कोरडेपणासाठी आम्ही चिठ्ठीवर जे एस्ट्रिऑलचं मलम देतो त्याचा एक डोस अर्धा मिलिग्रॅमचा असतो, तोही सुरुवातीचे काही आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदाच. कातडीतून सगळं आत जात नाही हे खरं, पण रोज तिप्पट औषध लावायचं, वर्षानुवर्षं लावायचं, आणि त्याला "स्किनकेअर" म्हणायचं हे माझ्या फार्मसीच्या डोक्याला पटत नाही. हे औषध आहे वसू. बीपीची गोळी जशी विचारून घेतेस तसंच हे.

तुझी गर्भपिशवी आहे. नुसतं एस्ट्रोजेन अंगात जात राहिलं आणि सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन नसलं तर पिशवीचं अस्तर जाड होऊ शकतं, म्हणून तर पिशवी असलेल्या बाईला डॉक्टर दोन्ही मिळून देतात. चेहऱ्याच्या थोड्याशा क्रीमनं तेवढं होईल का, कदाचित होणारही नाही, पण तू लावतेयस हे तुझ्या गायनॅकला माहीतच नसेल तर ती कशावर लक्ष ठेवणार? आणि पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यावर खाली रक्ताचा लालसर डाग जरी दिसला तरी तो उन्हामुळे, उष्णतेमुळे म्हणून सोडून द्यायचा नाही, सरळ जाऊन सोनोग्राफी करायची. हे क्रीम लावो न लावो. तुझ्या आईला स्तनाचा कॅन्सर होता हेही त्यांना सांगायचं, त्यानं दार बंद होत नाही, पण सांगायलाच हवं आणि मॅमोग्राफी टाळायची नाही.

दुसरं, तुझे वांग. मुलीच्या वेळी तुझ्या दोन्ही गालांवर आले होते ते आठवतात ना, आणि नंतर गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर परत गडद झाले म्हणून तू त्या सोडल्या. त्यात एस्ट्रोजेनचा हात असतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात पण डाग लगेच उठतात आणि जाता जात नाहीत. ज्या गालांनी एकदा नाही दोनदा दाखवलंय की एस्ट्रोजेन आम्हाला सोसत नाही त्याच गालांवर ते रोज चोळायचं? तिकडच्या गोऱ्या बायकांचे आधीचे-नंतरचे फोटो तुझ्या कामाचे नाहीत गं. तुझ्यासाठी तर मला एवढं एकच कारण पुरेसं वाटतं.

आणि छकुली, तुझी नात. ती दिवसभर तुझ्या गालाला गाल लावून असते, तुझी पापी घेते, तुझ्या मानेत तोंड खुपसून झोपते. हार्मोन कातडीवरून कातडीवर जातं. २०१० मध्ये एफडीएनं एस्ट्राडिऑलच्या हाताला मारायच्या स्प्रेबद्दल इशारा दिला होता, कारण घरातल्या लहान मुलांना त्याचा संपर्क होऊन त्यांच्या छातीत वाढ दिसली, पाळीव कुत्र्या-मांजरांनाही त्रास झाला. तो स्प्रे निदान बाहीखाली झाकता येतो. चेहरा कशानं झाकणार?

इथं जरा वेगळं बोलते पण याच्याशी धरूनच आहे. तू शेवटी लिहिलंयस की ते नको असेल तर पार्लरवाली एक "गोरं करणारं" मलम देते ते लावू का. नको. नको. नको. त्यातल्या बऱ्याच मलमांत मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं, सोबत रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन आणि व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं ट्रेटिनॉइन, आणि स्टेरॉइड हेही हार्मोनच्याच घराण्यातलं. पहिले पंधरा दिवस चेहरा असा उजळतो की बाई खूश, मग बंद केलं की लालबुंद होतो, जळजळतो, पुरळ येतं, म्हणून परत लावायचं, आणि कातडी आणखी पातळ होत जाते, शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर केस वाढतात. माझ्या काउंटरवर अशा बायका येतात, ट्यूबचा रिकामा खोका पुढे करतात, मी चिठ्ठी मागितली की रागावतात आणि पुढच्या दुकानातून घेतात. भारतातल्या स्किनच्या डॉक्टरांनी बारा ठिकाणी केलेल्या पाहणीत, २०११ मध्ये ती छापून आली, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ लोकांपैकी ४३३ जण असली स्टेरॉइडची मलमं लावत होते. २०१८ मध्ये सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला तरी अजून मिळतात. तुझी कातडी आत्ताच पातळ होतेय, तिच्यावर हे म्हणजे जुन्या विरलेल्या लुगड्याला खडबडीत दगडावर घासण्यासारखं आहे.

मग करायचं काय. चेहऱ्याला साबण बंद, सौम्य फेसवॉश, तोही संध्याकाळी, सकाळी नुसतं पाणी पुरे. ओलसर चेहऱ्यावरच जाडसर मॉइश्चरायझर, ग्लिसरीन आणि सिरॅमाइड (कातडीतला ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध घटक) असलेलं, सुगंधी नको, महाग नको. सकाळी सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५०, दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि तुझ्या वांगांसाठी रंग असलेलं घे कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या उजेडापासूनही वाचवतं, नुसतं पांढरं तेवढं करत नाही. शाळेत असताना दुपारी परत लाव. आणि रात्रीसाठी स्किनच्या डॉक्टरला स्टेरॉइडशिवायच्या नुसत्या ट्रेटिनॉइनबद्दल विचार. उन्हानं खराब झालेल्या चेहऱ्यावर ज्याचा पुरावा खरोखर भक्कम आहे असं ते औषध आहे, तुला बहुतेक ०.०२५ टक्क्यांपासून सुरू करतील, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोन-तीन रात्री. सुरुवातीला सालं निघतात, आग होते, तेव्हा घाबरून सोडू नकोस पण जास्तीही लावू नकोस, तीन ते सहा महिने लागतात. लिंबू-बेसन मात्र विसर आता. एक थायरॉइडची टेस्टही करून घे, एवढा कोरडेपणा आणि केस गळणं कधीकधी तिकडून येतं.

अजून एक, आणि हे तू मेसेजमध्ये ओझरतं लिहिलंस म्हणून विचारते. रात्री दोन-तीनदा घामानं भिजून उठतेस, झोप नाही, चिडचिड, आणि "खाली" पण कोरडं, आग, सारखं लघवीला. हे सगळं सोडून तू चेहऱ्याचं क्रीम का विचारतेयस? या त्रासांवर हार्मोन खरोखर चालतं. २००२ मध्ये अमेरिकेतला हार्मोनच्या गोळ्यांवरचा तो मोठा अभ्यास मधेच थांबवला आणि सगळीकडे भीती पसरली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषधंही जुन्या पद्धतीची गोळी होती. आता डॉक्टर म्हणतात की साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, बाकी तब्येत बरी असलेल्या बाईला फायदा धोक्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त असतो. तुझ्या आईचा आजार लक्षात घेऊन काय जमेल ते ती गायनॅक ठरवेल, जेल, पॅच, किंवा फक्त योनीमार्गातलं मलम, नाहीतर हार्मोनशिवायचीही औषधं आहेत. ते नीट मोजून, तपासून, लक्ष ठेवून घेतलेलं असेल. त्यात कातडीला थोडा फायदा झाला तर झाला.

लाज वाटत असेल तर कागदावर लिहून ने आणि कागद पुढे कर, खूप बायका तसं करतात. शेवटची पाळी कधी आली, रात्री किती वेळा उठतेस, आईचा आजार, वांगांचा इतिहास, चालू गोळ्या, एवढं लिही. डबीही सोबत ने, त्यांना दाखव. मी पुढच्या आठवड्यात येतेच आहे, मंगळवारची किंवा बुधवारची अपॉइंटमेंट घे, मी सोबत येईन आणि बाहेर बसायला सांगितलं तर बाहेर बसेन. सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर मी दुकानातून आणते, तू विकत घेऊ नकोस. अपॉइंटमेंटची वेळ ठरली की लगेच कळव, मला गाडीचं तिकीट त्याप्रमाणे काढायचंय.

तुझीच,
मंदा