सर, तुमचं प्रमाणपत्र?

जानेवारी 2024 मध्ये पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला आणि आमच्या जुळे सोलापुरातली पोरं बॅट सोडून बॉलच मागू लागली. माझा बारा वर्षांचा मुलगा त्यातलाच. उन्हाळी शिबिरात सरांनी त्याला सलग दहा-अकरा षटकं टाकायला लावली. कंबर दुखतेय म्हणाला, तर ‘बाम लाव अन् पळ!’ पुढे डॉक्टरांनी दीड महिना बॉलला हात लावू दिला नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत 13 वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग, 5 आणि दिवसभरात 10 षटकांची मर्यादा आहे. बॉल टाकताना खांदे एका दिशेला आणि कंबर दुसरीकडे राहिली, तर कोवळ्या मणक्यावर ताण येतो. हे प्रशिक्षकाला ठाऊक नको? प्रमाणपत्राचा कागद असला की सर चांगलेच, असं नाही. बिनकागदाचे उत्तम गुरूही मी पाहिलेत. पण शिबिरांना मैदान देताना किमान एक प्रमाणित प्रशिक्षक असल्याची खात्री करायला काय हरकत आहे? आम्ही पालक तरी कुठे विचारतो म्हणा! मीसुद्धा फक्त फी आणि वेळ विचारली होती.

– एक पालक, जुळे सोलापूर