सारस म्हणजे बगळा नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतली 'क्रेन'वरची चौकट वाचली (इंग्रजीत सारसही क्रेन आणि ओझी उचलणारे यंत्रही क्रेनच) आणि राहवले नाही, म्हणून लिहितो. सारसाला बगळा म्हटले, फांदीवर बसलेल्या बगळ्याच्या फोटोखाली 'सारस' छापले आणि कवटीला क्रेनियम हे नाव याच पक्ष्यावरून पडले, असे ठोकून दिले. चार बोटांच्या चौकटीत इतक्या चुका कशा होतात?

माझ्या सातवीतल्या नातीने ते कात्रण आज वर्गात वाचून दाखवले. देपालपूरकडचा एक मुलगा उठून म्हणाला, "सारस झाडावर बसतच नाही, आमच्या शेताजवळ असतात ते." वर्ग हसला. पोर रडत घरी आली. "आजोबा, पेपरात छापलं होतं ना!" काय उत्तर देऊ तिला?

तो मुलगा बरोबर बोलला. सारसाचे मागचे बोट लहान आणि इतके वर असते की त्याला फांदी पकडताच येत नाही. घरटेही तो जमिनीवर, पाणथळीत करतो. उडताना मान सरळ पुढे ताणलेली. बगळा ती मुडपून घेतो. हातोदकडे यशवंतसागरला एकदा सकाळी जाऊन पाहा. माणसाएवढी उंच जोडी चिखलात उभी दिसते. डोक्यावर आणि मानेच्या वरच्या भागावर पिसे नाहीत, उघडी लाल कातडी, टाळूवर तेवढी राखाडी टोपी. २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेले हे तळे इंदूरच्या दाराशी आहे, तरी आपल्याला सारसाचा एक फोटो मिळू नये?

एकतीस वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले, त्यामुळे कवटीवर गप्प बसवत नाही. यंत्राला पक्ष्याचे नाव मिळाले हे खरे. ग्रीक लोकही दोघांना 'गेरानोस'च म्हणत. पण क्रेनियम आले 'क्रानिऑन' या वेगळ्याच ग्रीक शब्दावरून. त्याचा अर्थच कवटी, आणि आपले 'शिर' त्याच्या कुळातले. शिवाय चौकटीत म्हटले तसे कवटी हे 'एक मजबूत हाड' नाही. बावीस हाडे आहेत, त्यांतली आठ मेंदूभोवती, शिवणींनी जोडलेली. तान्ह्या बाळाची टाळू बोटाला मऊ लागते ती या हाडांमधल्या जागेमुळे. कोणत्याही आजीला विचारले असते तरी हाडे अनेक आहेत हे कळले असते.

आता क्रेनचा विषय निघालाच आहे, तर आमच्या वळणावरचीही ऐका. बांधकामाची क्रेन रात्रभर तिथे उभी असते, हूक स्कूटरवाल्याच्या डोक्याच्या उंचीवर लोंबत. ना लाल कापड, ना दिवा. गेल्या आठवड्यात शेजारच्या मुलाच्या कपाळाला चार टाके पडले. आपल्या कार्यालयात मी दोनदा फोन केला. एक ओळ आली नाही.

चौकटीची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी ही विनंती. नातीला ते कात्रण वर्गात वाचून दाखवायचे आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
लोकमान्यनगर, इंदूर