फवारणीच्या ड्रोनचा वारा अन् आवाज

संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. आपल्या पेपरात ड्रोनच्या बातम्या नेहमी येतात, 10 लिटरची टाकी, एकराला काही मिनिटं, मजूर लागत नाही वगैरे, पण त्या ड्रोनच्या खाली किती वारा सुटतो अन् त्याचा आवाज किती दूर जातो हे कोणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

पहिलेच सांगतो, मी ड्रोनच्या विरोधात नाही. 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, पाठीवर पंप अन् डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी (कपाशी), औषध सरळ नाकातोंडात. माणूस त्या औषधापासून दूर उभा राहतो ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मला मान्य आहे.

पण यंदा पोळा होऊन आठ दिवस झाले होते, सकाळी आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या वावरात पऱ्हाटीवर ड्रोन चालू होता. आमची जोडी धुऱ्यावरच्या बाभळीखाली बांधलेली, माय बाजूला गवत कापत होती. ड्रोन तासाच्या, म्हणजे पिकाच्या ओळीच्या, शेवटी येऊन वळायला थांबला आणि नेमका बैलांच्या समोरच घरघरत राहिला. डावीकडचा बैल असा बुजला की कासरा तोडून सरळ नाल्याकडे पळाला, माय थोडक्यात वाचली. सापडेपर्यंत दुपार झाली अन् दोन दिवस त्यानं नीट चारा खाल्ला नाही. बरं, तो चाराही ओला झालेला, कारण फवारा धुऱ्याच्या या बाजूला आलेला, मी हातानं चाचपून पाहिला, वासही येत होता. सगळा भारा फेकून दिला.

आता हे होते कसे ते सांगतो. भरल्या टाकीचा ड्रोन 25 किलोच्या आसपास जातो, एवढं वजन हवेत धरून ठेवायचं म्हणजे पंख्यांनी तेवढ्या जोरानं हवा खाली ढकलायलाच पाहिजे. माझा पुतण्या इंजिनिअरिंग शिकतो, त्यानं हिशोब करून दाखवला की सहा पंख्यांच्या ड्रोनच्या अगदी खाली हा वारा ताशी 30 किलोमीटरच्या जवळपास निघतो. हा वारा कामाचाच आहे, पानं उलटीपालटी होतात आणि तुडतुडे, पांढरी माशी बसतात त्या पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचतं, हे पाठीवरच्या पंपानं नीट जमत नाही. पण तोच वारा जमिनीवर आपटून चारी बाजूला पसरतो, कडेला वर उचलला जातो आणि बारीक थेंब सोबत घेऊन जातो. ड्रोन जोरात पळवला तर वारा पिकापर्यंत पोचतच नाही, मागं भोवरे होऊन थेंब हवेतच लटकतात. आणि टाकी रिकामी होत जाते तसं वजन कमी, म्हणजे वाराही कमी, त्यामुळे एकाच वावरात सुरुवातीला अन् शेवटी काम सारखं होत नाही. जिथं ड्रोन वळायला थांबतो तिथं तर मी स्वतः जाऊन पाहिलं, पाती (कपाशीच्या कळ्या) अन् फुलं जमिनीवर पडलेली, इतर तासांत तेवढी नव्हती.

आवाजाचंही तसंच. ट्रॅक्टरचा आवाज एकसारखा असतो, ढोरांना त्याची सवय होते. ड्रोनमध्ये तोल सांभाळायला प्रत्येक मोटर क्षणाक्षणाला वेग बदलते, म्हणून आवाज सारखा वरखाली होतो अन् कानाला टोचतो. पंखा जेवढा लहान तेवढा तो जोरात फिरवावा लागतो, त्यामुळे लग्नातला छोटा ड्रोन चिरका वाजतो अन् फवारणीचा घरघरतो. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं कमी होतो, म्हणजे ढोरं थोडी दूर नेऊन बांधली तरी फरक पडतो, पण त्यासाठी आधी कळायला तर पाहिजे ना!

नमो ड्रोन दीदी योजनेत 15,000 बचत गटांना ड्रोन द्यायचं 2023 मध्ये ठरलं, 80 टक्के अनुदान, 8 लाखापर्यंत, चांगली योजना आहे. माझी कृषी विभागाला कळकळीची विनंती आहे की ट्रेनिंगमध्ये बटणं शिकवता तसा हा वाराही शिकवा, साधं पाणी भरून धुऱ्यावर कागद अंथरून दाखवा की थेंब कुठवर जातात. धुऱ्याकडच्या चार-पाच ओळी ड्रोननं सोडून पाठीवरच्या पंपानं मारायच्या, वळण घ्यायचं तर मालकाच्याच वावरात घ्यायचं, आणि आदल्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याला एक फोन करायचा, एवढं बंधनकारक करा.

तो ड्रोन चालवणाऱ्या ताईंना मी भेटलो, भांडायला नाही, सांगायला. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाल्या, भाऊ, मला पिकाचं सांगितलं होतं, बैलांचं कोणी काही सांगितलंच नाही. त्यांनी माझा नंबर लिहून घेतला आहे. तुरीचा फवारा पुढच्या महिन्यात आहे.

आपला,
एक शेतकरी, आर्णी तालुका, जि. यवतमाळ