आईच्या आगीबद्दल, आणि एका निवेदनाबद्दल

सांगली

प्रिय संज्या,

फोनवर बोलता येत नाही, आई शेजारीच बसलेली असते, म्हणून लिहितोय. दिवाळीत तिला नागीण निघालेली तुला माहितीय, डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत. फोड तीन-चार आठवड्यात वाळले, आता नुसते फिकट डाग आहेत, पण आग काही गेली नाही मर्दा. पदर घासला तरी विस्तव टेकल्यासारखं होतं म्हणते, पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही, रात्री दोनला उठून सोप्यात बसलेली असते. हळदीच्या हंगामात दिवसभर उन्हात राबणारी बाई रे ती, उगं कण्हणारी न्हवं.

एका डॉक्टरनं सांगितलं, जखम भरली, रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नका. घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. तो दिवस मी विसरणार नाही.

शेवटी मिरजेत तिसऱ्या डॉक्टरनं नीट समजावलं. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेत दबून राहतो, वय झालं की नागीण होऊन उठतो आणि जाताना नसच खराब करून जातो. त्यासाठी साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग नाही, नसेच्या गोळ्या वेगळ्या असतात. त्या चालू केल्यावर आता चार तास सलग झोपते. पण हे ऐकायला सात महिने गेले, आणि आम्ही मिरजेच्या जवळ राहतो म्हणून तरी ऐकायला मिळालं, जतच्या एखाद्या वाडीवरच्या म्हातारीनं काय करायचं?

तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं हा स्वतंत्र आजार म्हणून धरलाय. जागतिक आरोग्य संघटनेची नवी आजारांची यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात त्याला वेगळा कोड आहे. आपल्याकडं २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात नुसत्या वेदनेला जागा नाही, आईचे हातपाय चालतात ना, मग टक्केवारी कशाची काढणार. महात्मा फुले योजना मुख्यतः ॲडमिट होऊन करायच्या उपचारांची, दर महिन्याच्या गोळ्यांचं काय? आणि कायदा बदलत नाही असं कुणी सांगू नये. कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन मिळावं म्हणून अमली पदार्थांचा कायदा २०१४ ला सुधारला, लोक कितीतरी वर्षं मागं लागले होते तेव्हा.

म्हणून आम्ही पंधरा-वीस घरं मिळून आमदारांना निवेदन देतोय. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातनं एक दिवस वेदनेची ओपीडी, तिथंच गोळ्या आणि फिजिओ, एवढंच मागायचं, आणि अधिवेशनात लक्षवेधी लावा म्हणायचं. ऊसतोडीच्या दोन बायकापण येणार आहेत, कंबर गेलीय दोघींची, डोक्यावर मोळ्या वाहून वाहून.

तुझ्यासारखं सरकारी मराठी मला जमत नाही. मसुदा लिही, पण आगीला आग म्हण, ‘अस्वस्थता’ नको. आमदार शनिवारी सकाळी भेटतात, तू शुक्रवारी रात्रीच ये. आईच्या खोलीत पंखा लावत नाही आम्ही, आपण पुढच्या खोलीत झोपू.

तुझा,
विज्या