आमची गल्ली नेमकी कोणत्या क्षेत्रात मोडते?

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

आमची इमारत चार मजली. खाली गाळे, वर बिऱ्हाडं. एका गाळ्यात ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवतात. रात्री साडेदहाला कटर सुरू झाला की पहिल्या मजल्यावर आमच्या मांडणीतली भांडी किणकिणतात आणि आई उठून बसते. तिचं वय ८१. तक्रार केली, तर उलट मलाच विचारलं, "तुमचा भाग निवासी की वाणिज्य?" मला सांगता आलं नाही. विचारणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

उत्तरावर सगळं अवलंबून आहे, साहेब. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल, वाणिज्य भागाची ५५. फरक नुसता दहाचा दिसतो, पण डेसिबल दहाने वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. शिवाय याच नियमांत तक्रारीसाठी आवाज मर्यादेच्या १० डेसिबल किंवा अधिक वर जावा लागतो. म्हणजे गल्ली वाणिज्य ठरली, तर आवाज ६५ वर जाईपर्यंत आईने सोसायचं.

क्षेत्रं ठरवण्याचं काम नियमांनी राज्य सरकारकडे दिलं आहे. मिश्र वस्ती औद्योगिक, वाणिज्य, निवासी आणि शांतता क्षेत्र या चारपैकी एका प्रकारात जाहीर करता येते, हेही त्यात लिहिलं आहे. २०१७च्या दुरुस्तीनंतर तर रुग्णालयाच्या दारातली जागासुद्धा सरकारने अधिसूचित केल्याशिवाय शांतता क्षेत्र होत नाही.

माझी मागणी अशी: गाळ्यांवर माणसं झोपतात ते सगळे भाग निवासी म्हणून जाहीर करा. दिवसाची ५५ डेसिबलची मर्यादा गाळेवाल्यांना जड जाईल, हे मी जाणतो. खालचा कारागीर आमचा शेजारी आहे, त्याचं पोट त्या कटरवर आहे. पण गाळा घेतानाच त्याला मर्यादा कळली असती, तर त्याने यंत्राखाली रबर घातलं असतं, भिंतीला अस्तर लावलं असतं, रात्रीचं काम घेतलंच नसतं. आज तोही अंधारात आणि आम्हीही.

प्रभाग कार्यालयात विकास आराखड्याशेजारी आवाजाच्या क्षेत्रांचाही नकाशा लागू द्या, गल्लीगल्लीचं नाव घालून. पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर मला बोट ठेवून दाखवता येईल.

आपला,
एक रहिवासी