गाडी विकल्यानंतरच आमचा पत्ता कसा सापडला? गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आरटीओकडून पोस्टाने पत्र आले. आमच्या 'छोटा हत्ती' टेम्पोची नोंदणी रद्द होत आहे, कारण गाडी बेवारस म्हणून पोलिसांच्या लिलावात भंगारात निघाली. पाकिटावर यजमानांचे नाव, घर क्रमांक, पिनकोड, सगळे बिनचूक होते.

हा टेम्पो दोन वर्षांपूर्वी दारातून चोरीला गेला. गुन्हा आम्ही त्याच दिवशी नोंदवला. तपास लागत नाही असे सांगून फाईल बंद झाली. आता कळते की गाडी शेजारच्या तालुक्यातल्या एका ठाण्याच्या आवारात उभी होती. नंबर प्लेट काढलेली, पण सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर शाबूत. लिलावाच्या कागदावर तोच नंबर लिहिला गेला आणि त्यावरून आरटीओने आमचे घर शोधले. साहेब, मग विकण्याआधी का नाही शोधले?

मी वकील नाही, पण या आठवड्यात कायदा वाचावा लागला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५०३ सांगते की मालक माहीत असेल तर दंडाधिकारी माल त्याच्या ताब्यात देऊ शकतात. माहीत नसेल तर उद्घोषणा काढायची आणि हक्क सांगायला सहा महिने द्यायचे. आमचीही जाहिरात म्हणे निघाली होती. एका लहानशा वर्तमानपत्रात, 'पांढरी चारचाकी मालवाहू' एवढाच मजकूर. चासी नंबर नाही, इंजिन नंबर नाही. पांढरे टेम्पो गल्लोगल्ली आहेत. त्यातून आम्ही आमचा कसा ओळखावा? मालक अज्ञात नव्हताच. त्याला कुणी विचारले नाही. आणि सगळी पोलीस ठाणी एकमेकांना जोडण्यासाठी सीसीटीएनएस योजना २००९ साली मंजूर झाली ना? मग आमची तक्रार एका ठाण्यात आणि आमची गाडी दुसऱ्या ठाण्यात, दोन्ही एकमेकींना कशा दिसल्या नाहीत?

आमचा विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यामुळे चोरीचा एक पैसा मिळाला नाही. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. यजमान आज दुसऱ्याच्या टेम्पोवर हमाली करतात, ज्या बाजारात ते स्वतःची गाडी लावायचे त्याच बाजारात. माझे मंगळसूत्र बँकेत तारण आहे. मुलीने बारावीनंतर शिकायचे सोडले, दुकानात लागली. हे लिहायचे नव्हते, पण ज्याने त्या लिलावाच्या कागदावर सही केली त्याला हे कळायला हवे.

आणि हे आमच्या एकट्याचे नाही. त्या आवारात गेले तेव्हा एकावर एक रचलेल्या दुचाकी पाहिल्या. टायर विरघळलेले, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, सीटमधून गवत उगवलेले. राज्यात हजाराहून जास्त ठाणी आहेत. प्रत्येक आवारात नुसत्या पन्नास गाड्या धरा, पन्नास हजारांच्या वर आकडा जातो. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ साली सांगितले की जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षे ठेवू नका. फोटो काढा, पंचनामा करा, हमी घेऊन मालकाला द्या, कुणीच आले नाही तर सहा महिन्यांत विका. २०१० साली न्यायालयाला तेच पुन्हा बजावावे लागले. वर सांगितलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर वर्णन नोंदवायला १४ दिवस आणि नंतर विल्हेवाटीला ३० दिवस अशी मुदतच घातली आहे. तरीही ज्यांचे मालक रोज हेलपाटे घालतात त्या गाड्या गंजत पडतात, आणि ज्यांच्या मालकाला खबरच नाही त्या विकल्या जातात.

नागरिकाची गाडी रस्त्यावर दहा तास बेवारस उभी राहिली तर मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ ती उचलायला परवानगी देते, उचलण्याचा खर्चही मालकाच्याच माथी. आमच्यासाठी तासांचा हिशोब आणि सरकारसाठी वर्षांचाही नाही, हा कुठला न्याय? कर वेळेवर, पीयूसी वेळेवर, दंडाचा मेसेज लगेच मोबाईलवर. मोबाईल नंबर सरकारकडे आहे. दंड घ्यायचा असतो तेव्हाच तो सापडतो का?

त्या ठाण्यात मुद्देमाल कारकुनांनी सांगितले, साहेब बदलून गेले. नव्या साहेबांनी सांगितले, आदेश कोर्टाचा आहे. कोर्टात सांगितले, पोलिसांनी दिलेल्या अहवालावर आदेश झाला. प्रत्येकाच्या हातात कागद आहे आणि चूक कुणाचीच नाही.

माझी मागणी आहे की चासी नंबरवरून नोंदणीकृत मालकाला लेखी नोटीस गेल्याचा पुरावा फाईलला लागल्याशिवाय कोणतीही गाडी बेवारस ठरवू नये, आणि हा पुरावा न पाहता अहवाल पाठवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्या फाईलवर असावे. प्रत्येक आवारातल्या गाड्यांची यादी, चासी नंबरसह, ऑनलाईन लावा. आमच्या गाडीचा अहवाल कुणी पाठवला, किती रुपयांना विकली, ते पैसे कुठे जमा झाले, हे मला लेखी हवे आहे. ते पैसे आमचे आहेत. अर्ज मी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे दिला आहे, पोच माझ्याकडे आहे. पत्ता तुमच्या खात्याला आता माहीत झालाच आहे. उत्तर त्याच पत्त्यावर पाठवा.

आपली,
चोरीला गेलेल्या टेम्पोच्या मालकाची पत्नी